लग्नाची सीडी-डीव्हीडी संगणकावर लागत नाही? प्लेअर शोधण्याआधी डिस्क उघडून बघा

दिवाळीत आत्या इचलकरंजीहून आली ती पिशवीत तीन सीडी घेऊन. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या, २००४ सालच्या. कव्हरवर नवरा-नवरीचा फोटो आणि सीडींवर मार्कर पेनने लिहिलेले १, २, ३. घरचा डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला, म्हणून तिने त्या गावातल्या एका दुकानात लॅपटॉपवर लावून बघायला सांगितल्या होत्या. सीडी फिरली, पडद्यावर काहीच आलं नाही. "कोडेक नाही, सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल, तरी चालेलच असं सांगता येत नाही," असं उत्तर मिळालं. (कोडेक म्हणजे दाबून साठवलेलं चित्र आणि आवाज उलगडणारा सॉफ्टवेअरचा तुकडा.)

"सगळं नको रे मला," आत्या म्हणाली, "पंगतीत काका जिलबी वाढतायत ना, तेवढं दाखव." काकांना जाऊन सहा वर्षं झाली.

पहिली सीडी दोन मिनिटांत लागली, तीही काही विकत न घेता. दर दिवाळीत आणि दर लग्नसराईत मला याच तक्रारीचे फोन येतात आणि प्रश्न नेहमी एकच असतो: कोणतं सॉफ्टवेअर टाकू? माझ्या अनुभवात या प्रश्नाचा नंबर तिसरा लागतो. आधी ड्राइव्ह डिस्क वाचतोय का ते बघायचं, मग डिस्कवर नेमकं काय आहे ते, आणि मग प्लेअर. लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, एकामागून एक पाच प्लेअर टाकतात, वरून कोडेक पॅक, म्हणजे कोडेकची गाठोडी, टाकतात, आणि शेवटी चांगला चालणारा संगणक बिघडवून बसतात.

आधी डिस्क उघडा

सीडी घातल्यावर आपोआप काही सुरू होईल याची वाट बघू नका. 'धिस पीसी' उघडा, ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'ओपन' म्हणा आणि आत कोणती फोल्डरं दिसतात ते बघा.

'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसलं तर ती व्हीसीडी आहे, म्हणजे साध्या सीडीवर भरलेला व्हिडिओ. त्यात 'एव्हीसेक०१' अशा नावाची, शेवटी 'डॅट' लागलेली मोठी फाइल असते. 'व्हिडिओ टीएस' फोल्डर असेल तर ती डीव्हीडी. 'बीडीएमव्ही' असेल तर ब्लू-रे. यातलं एकही नसून साध्या एव्हीआय किंवा एमपी४ फाइली दिसल्या, तर ती नुसती डेटा डिस्क आहे. तिच्यासाठी डिस्क प्लेअरचा विचारच नको, फाइल डबल क्लिक करा.

आत्याच्या सीडी व्हीसीडी होत्या. व्हीसीडीचं मानक १९९३ सालचं आहे, चित्र एमपेग-१ पद्धतीचं, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका सीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून तर तेव्हा एक लग्न तीन सीडींत आणि एक नाटक दोन सीडींत मिळायचं. एमपेग-१ उलगडायची सोय विंडोजमध्ये फार आधीपासून आहे. दुकानदाराला जे कोडेक सापडत नव्हतं, ते त्याच्या लॅपटॉपवर होतंच. अडचण एवढीच की 'डॅट' फाइल कशाने उघडायची हे विंडोजला माहीत नसतं. व्हीएलसी हा प्लेअर उघडा (तो कुठून घ्यायचा ते पुढे येतंच) आणि ती फाइल माऊसने ओढून त्याच्या खिडकीत सोडा. बस्स. व्हीएलसीच्या 'ओपन डिस्क'मध्ये व्हीसीडीचा पर्याय आहे, पण विंडोजवर तो कधी कधी रुसतो, म्हणून मी तिकडे जातच नाही.

डीव्हीडीचं दुखणं वेगळं

डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ पद्धतीचं असतं आणि तिथे विंडोजने बरीच धरसोड केली आहे. एक्सपीला डीव्हीडीसाठी बाहेरचा डीकोडर, म्हणजे चित्र उलगडणारा भाग, लागायचा. तेव्हा रायटर, म्हणजे डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, विकत घेतला की खोक्यात पॉवरडीव्हीडी किंवा विनडीव्हीडीची एक सीडी यायची, ती त्यासाठीच. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या होम प्रीमियमसारख्या वरच्या आवृत्त्यांत ही सोय आतच आली. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि ती काढून टाकली गेली. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगळं डीव्हीडी अ‍ॅप आणलं, जुन्या विंडोजवरून आलेल्या काहींना मोफत आणि बाकीच्यांना विकत. "जुन्या कॉम्प्युटरवर लागत होती, नव्यावर लागत नाही" ही तक्रार इथून येते. डिस्कही चांगली असते आणि ड्राइव्हही.

म्हणून ज्याच्या पोटातच सगळे डीकोडर आहेत असा प्लेअर घ्यावा. माझी पहिली पसंती व्हीएलसी. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००१ पासून खुल्या परवान्याखाली आहे. तो विंडोजच्या कोडेकवर अवलंबून नाही, त्यामुळे आधी कोणी संगणकात काय काय भरून ठेवलंय याने त्याला फरक पडत नाही. दुकानातल्या डीव्हीडींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, ते उघडणारी लायब्ररीही त्यात असते.

व्हीएलसी उतरवताना एक काळजी घ्या. २०२२ मध्ये त्याचं अधिकृत संकेतस्थळ भारतात कित्येक महिने उघडत नव्हतं आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्या काळात अनेकांनी मिळेल तिथून प्रत उतरवली, आणि अशा संगणकांवर ब्राउझरला चिकटलेले टूलबार मी स्वतः काढले आहेत. तुमची प्रत तेव्हाची असेल तर काढून टाका आणि व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवरून नवी घ्या.

डीव्हीडी लावायची ती मीडिया मेनूतल्या 'ओपन डिस्क'मधून. कंट्रोल आणि डी दाबलं की तीच खिडकी येते. तिथे 'नो डिस्क मेनूज' असा एक चौकोन आहे, तो लक्षात ठेवा. लग्नाच्या डीव्हीडींत फोटो स्टुडिओवाले हौसेने मेनू करायचे, मागे सनई, पुढे फिरत्या चौकटींत हळद, सीमांतपूजन, वरात. हे मेनू पुष्कळदा अर्धवट बनवलेले असतात आणि प्लेअर तिथेच घुटमळतो. तो चौकोन टिक केला की मेनू वगळून थेट चित्र सुरू होतं. 'एमआरएल (म्हणजे डिस्कचा किंवा फाइलीचा पत्ता) उघडता येत नाही' असा संदेश आला तरी पहिला उपाय हाच करतो.

मेनू नीट हवा असेल, एका डिस्कवर चार नाटकं असतील आणि मेनूतूनच निवडायचं असेल, तर एमपीसी-एचसी हा प्लेअर मला जास्त आवडतो. हलका आहे, जुन्या संगणकावरही धावतो. त्याच्या मूळ चमूने २०१७ मध्ये काम थांबवलं, पण पुढे दुसऱ्याने ते हाती घेतलं आणि नव्या आवृत्त्या येत राहिल्या, तेव्हा २०१७ नंतरचीच घ्या. मात्र डीव्हीडीसाठी तो विंडोजच्या यंत्रणेचा आधार घेतो, त्यामुळे प्रदेशाच्या भानगडीत अडू शकतो. ते पुढे येतंच.

कोडेक पॅक मात्र टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो. एकाच कामाचे तीन-तीन डीकोडर विंडोजमध्ये नोंदले जातात, कोणता पुढे येईल याचा नेम नसतो, आणि त्यातला एक काढला की बाकीचेही लंगडे होतात. आवाज येतो पण चित्र नाही, चित्र येतं पण उलटं, असे बरेच नमुने मी या पॅकांमुळेच झालेले पाहिले आहेत. आधीपासून असतील तर 'अ‍ॅप्स'मध्ये जाऊन सगळे काढा, संगणक पुन्हा सुरू करा आणि मगच प्लेअर तपासा.

मॅकवाल्यांना फार काही करायला नको. बाहेरचा ड्राइव्ह जोडला की सिस्टिममध्ये असलेला डीव्हीडी प्लेअर चालतो, तो स्पॉटलाइटमध्ये शोधा. उबुंटूवर व्हीएलसी टाकून भागत नाही, कुलूपबंद डिस्कसाठी 'लिबडीव्हीडी-पीकेजी' हे पॅकेज वेगळं टाकून एकदा कॉन्फिगर करावं लागतं. बरेच जण ही दुसरी पायरी विसरतात.

अमेरिकेहून आलेली डिस्क

डीव्हीडीला प्रदेशाचा आकडा असतो. भारत ५, अमेरिका १, युरोप आणि जपान २. बऱ्याच भारतीय डीव्हीडी सर्व प्रदेशांसाठी काढलेल्या असत, म्हणून इथून न्यू जर्सीला नेलेल्या मराठी नाटकांच्या डिस्क तिथेही लागतात. पण तिकडून मुलीने पाठवलेली विकतची डिस्क इथे अडते. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये हा आकडा ड्राइव्हच्याच स्मृतीत असतो आणि तो फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा. विंडोज पुन्हा टाकून किंवा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून मोजणी मागे जात नाही.

नव्या कोऱ्या ड्राइव्हला कधी कधी प्रदेश ठरवलेलाच नसतो, आणि तेवढ्यामुळेही डिस्क अडते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डीव्हीडी रीजन' ही पट्टी बघा आणि काहीच नसेल तर भारत निवडा. परदेशी डिस्क एखादीच असेल तर आकडा बदलू नका, आधी व्हीएलसीत लावून बघा. तो स्वतः प्रदेश विचारत नाही, ड्राइव्हने साथ दिली तर डिस्क लागून जाते. आपली पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी हा फरक टीव्हीच्या काळातला, संगणकाला दोन्ही सारखेच.

चित्र येतं, पण नीट नाही

कोणी हात हलवला की कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात? ती डिस्कची खराबी नव्हे. कॅमेऱ्याने चित्र एकआड एक रेघांच्या दोन भागांत टिपलेलं असतं, टीव्हीवर ते मिसळून जायचं, संगणकावर उघडं पडतं. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा आणि खाली 'याडिफ' निवडा. कीबोर्डवर नुसतं डी दाबलं तरी चालू-बंद होतं. वरातीत नाचणाऱ्यांवर ताबडतोब फरक दिसतो.

हिरवा किंवा काळा पडदा आणि मागे आवाज चालू, असं असेल तर प्रेफरन्सेसमधल्या 'इनपुट अँड कोडेक्स'मध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद करा. डीव्हीडी उलगडायला आजच्या कोणत्याही प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची मदत लागत नाही. भलत्याच भाषेत आवाज येत असेल तर बी दाबून ध्वनिपट्टी बदलता येते.

प्लेअरचा दोष नसतो तेव्हा

डिस्क घातल्यावर कान द्या. ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो आणि फोल्डरच दिसत नाही? मग जगातला कोणताही प्लेअर उपयोगाचा नाही. यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह असेल तर बहुतेक वेळा त्याला वीज कमी पडत असते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा, आणि मध्ये हब असेल तर तो काढा. दोन टोकांची वायर आली असेल तर दोन्ही टोकं लावा.

सीडी लागते पण डीव्हीडी लागत नाही, किंवा उलट, हाही नेहमीचा प्रकार आहे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेसर असतात. एक थकला तरी दुसरा चालू राहतो. दुसऱ्या ड्राइव्हवर डिस्क लागली तर शंका मिटली.

डिस्क मळकी असेल तर साध्या पाण्याने, फार तर अंग धुण्याच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल कधीही पुसू नका. आतला मजकूर गोलाकार लिहिलेला असतो. आडवा गेलेला छोटा ओरखडा ड्राइव्ह भरून काढतो, पण गोलाकार ओरखडा सलग मजकूर खाऊन टाकतो. टूथपेस्ट चोळायचा सल्ला ऐकू नका.

सीडीची खरी नाजूक बाजू वरची असते, छापलेली. चमकणारा थर तिथे लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतो. नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर चिकटवलेला असेल आणि त्याची कडा सुटली असेल तर तो ओढून काढू नका, थर त्याच्याबरोबर निघून येतो. एका मैत्रिणीकडच्या मुंजीच्या सीडीचं असं झालं. स्टिकर निघाला, आणि सीडी उजेडात धरली तर त्या जागी आरपार दिसत होतं. डीव्हीडीत हा थर दोन तबकड्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती या बाबतीत सुरक्षित.

आणखी एक धोका. डिस्क कोरी दिसते आणि विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? नाही म्हणा. व्हिडिओ कॅसेटवरून घरच्या रेकॉर्डरने बनवलेल्या डीव्हीडी पुष्कळदा 'फायनलाइज', म्हणजे लिहून झाल्यावर बंद, केलेल्या नसतात. त्या रेकॉर्डरला समजतात, संगणकाला कोऱ्या वाटतात. तो रेकॉर्डर कोणाकडे असेल तर त्यातच फायनलाइज करून घ्या. नसेल तर आयसोबस्टर हा प्रोग्राम अशा डिस्कच्या आत बघू शकतो.

ब्लू-रेबद्दल थोडक्यात

दुकानातून घेतलेली ब्लू-रे व्हीएलसी तशीच लावत नाही, तिचं कुलूप वेगळं आहे. इथे पॉवरडीव्हीडीसारखं विकतचं सॉफ्टवेअर घेण्यात अर्थ आहे. ४के ब्लू-रे असेल तर पैसे भरण्याआधी नीट चौकशी करा: त्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सोय लागते आणि ती ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढलेली आहे. अशा संगणकावर सॉफ्टवेअर घेऊनही डिस्क लागणार नाही. टीव्हीला जोडायचा प्लेअर घेणं बरं.

लागली की लगेच उतरवून घ्या

आपल्या घरच्या समारंभाची डिस्क एकदा लागली की ती पुन्हा लागेलच याचा भरवसा मी देत नाही. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ टीएस' हे पूर्ण फोल्डर उचला. बरेच जण त्यातली एकच व्हीओबी फाइल घेतात आणि नंतर सांगतात की लग्न अर्ध्यातच संपलं. एक व्हीओबी साधारण १ जीबीला तुटते, पुढचं पुढच्या फाइलीत असतं. सोबतच्या आयएफओ फाइलीत क्रम असतो आणि बीयूपी ही तिची जशीच्या तशी दुसरी प्रत असते. आयएफओ वाचता आली नाही तर बीयूपी उतरवून तिचं शेवटचं नाव आयएफओ करा. या एका युक्तीने मी कित्येक डिस्क परत चालू केल्या आहेत.

व्हीसीडी इथे जास्त त्रास देते. 'डॅट' फाइल कॉपी करताना मध्येच 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा संदेश येतो आणि सगळं थांबतं. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून प्रत्येक कप्प्यात २०४८ ऐवजी २३२४ बाइट भरलेले असतात, चुका दुरुस्त करायची जागा चित्रासाठी वापरून टाकलेली. बघताना प्लेअर खराब तुकडा ओलांडून पुढे जातो, कॉपी करताना विंडोज मात्र एका तुकड्यावर हात टेकतं. अशा वेळी फाइल कॉपी करू नका. व्हीएलसीतच लावा, व्ह्यू मेनूतून 'अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स' घ्या आणि लाल बटण दाबून चालता चालता रेकॉर्ड करा. अडकलं की दहा सेकंद पुढे ढकला आणि पुन्हा रेकॉर्ड सुरू करा. तुकडे होतात, पण हाती लागतात.

आत्याची पहिली आणि तिसरी सीडी पूर्ण उतरली. पंगत निघाली दुसऱ्या सीडीत, ओरखडे सगळे तिच्यावरच. काका दिसतात. धोतर खोचलेलं, हातात पितळी परात, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणतात आणि तिथेच चित्राचे चौकोन होतात. आत्याने ते चार वेळा बघितलं. ते काय म्हणाले ते तिला आठवतंय, पण मला सांगितलं नाही. पुढच्या साधारण २० सेकंदांसाठी माझा ड्राइव्ह थकला. चुलतभावाकडे एक जुना डेस्कटॉप आहे, त्यातला रायटर ओरखड्यांना बराच सोशिक आहे. रविवारी ती सीडी घेऊन तिकडे जातोय.